तारीख कधीची? : प्रस्तावना

आशाताई वही उघडते आणि विचारते, "शेवटची पाळी कधी आली होती?" आमच्या औसा तालुक्यात या प्रश्नाचं उत्तर सहसा तारखेत येत नाही. "येळवसच्या दोन दिवस आधी बसले होते की बाहेर." "पोळ्याच्या दिवशी न्हाणं झालं होतं." "थोरल्या जाऊबाईंच्या घरी गोंधळ होता ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी." मग आशाताई भिंतीवरच्या कालनिर्णयकडे वळते, सणावर बोट ठेवते, दोन घरं मागं सरकते आणि वहीत आकडा लिहिते.

हे उत्तर अडाणीपणाचं नाही. आमच्या बायांनी आपल्या शरीराचा हिशेब सणावारात, पेरणी-काढणीत ओवून ठेवलेला असतो, आणि बहुतेक वेळा तो बरोबर निघतो. अडचण एवढीच, की तो मनातच राहतो. कुणी विचारलं तर बाहेर येतो. ज्या दिवशी त्याची खरी गरज पडते, त्या दिवशी मात्र विचारणारं कुणी नसतं. ही पुस्तिका त्या मनातल्या तारखेसाठी आहे. पाळी चुकली म्हणजे काय काय असू शकतं, दिवस गेले असतील तर पहिल्या तीन महिन्यांत काय बिघडू शकतं, आणि कुठल्या लक्षणाला एक रात्रही थांबायचं नसतं, एवढंच तिच्यात आहे. मी डॉक्टर नाही, शाळेत शिकवत होते. पण या विषयावर बायका एकमेकींशी काय बोलतात आणि काय बोलत नाहीत, हे मी आयुष्यभर ऐकत आले आहे.

तारखेला इतकं महत्त्व का, ते आधी सांगते. गर्भाचं वय डॉक्टर शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. अठ्ठावीस दिवसांनी पाळी येणाऱ्या बाईची पाळी चुकली, की त्याच दिवशी तिला हिशेबाने चार आठवडे झालेले असतात. गर्भ राहून मात्र दोनच आठवडे झालेले असतात. हा दोन आठवड्यांचा फरक ठाऊक नसल्यामुळे घरं मोडायची वेळ आलेली मी पाहिली आहे. नवरा पुण्याला कंपनीत कामाला, महिन्याभरापूर्वी सुट्टीवर येऊन गेलेला, आणि सोनोग्राफीच्या कागदावर लिहिलेलं असतं 'सहा आठवडे'. सासू बोटं मोजते, दीर गप्प होतो, सुनेला काही सांगताच येत नाही. कागद खरा असतो आणि सूनही खरी असते. मोजायची रीत कुणी घरात सांगितलेली नसते, एवढाच दोष.

आता पाळी चुकण्याबद्दल. पाळी लांबली म्हणजे दिवसच गेले असं नाही. मोठ्या बाईची पाळी एकवीस ते पस्तीस दिवसांच्या दरम्यान आली तरी ती नेहमीचीच समजतात. मूल अंगावर पीत असेल, थायरॉइडचा त्रास असेल, पीसीओडी असेल, वजन एकदम घटलं किंवा वाढलं असेल, घरात दुःख घडलं असेल, चाळिशी उलटली असेल, तर महिना मागं-पुढं होतो. आशाताईकडे मिळणाऱ्या 'छाया' गोळ्यांनी काही बायांची पाळी लांबते. तीन महिन्यांनी घ्यायच्या 'अंतरा' इंजेक्शनाने ती अनियमित होते किंवा थांबतेही.

आमच्या भागातलं एक कारण मात्र पुस्तकांत फारसं सापडत नाही. येळवस, म्हणजे वेळ अमावस्या, लातूर-धाराशिवकडचा मोठा सण. आदल्या रात्रभर चुली पेटलेल्या असतात. भज्जी, आंबील, उंडे, खीर असं सगळं डोक्यावर घेऊन सकाळी शेतात जायचं, कोपीतल्या पांडवांची पूजा करायची. त्या दिवशी 'बाहेर बसायची' पाळी येऊ नये म्हणून कितीतरी सुना मेडिकलमधून गोळ्या आणून महिना पुढं ढकलतात. महालक्ष्म्यांना तेच, तुळजापूरला जायचं असलं तरी तेच. गोळ्या बंद केल्यावर बहुधा दोन-तीन दिवसांत पाळी येते. ती आली नाही, तर घरात सगळे म्हणतात, "गोळ्यांनी लांबली असेल." गोळ्यांनी लांबली की त्याआधीच दिवस गेले होते, हे त्या वाक्याआड लपून जातं, आणि मोलाचे पंधरा दिवस निघून जातात. गोळ्या थांबवून आठवडा झाला तरी पाळी आली नाही, तर तपासून घ्यावं. आणि अशी गोळी घेण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावं. देवाच्या कामात आपलं अंग विटाळाचं का मानायचं, हा प्रश्न मोठा आहे आणि तो मी सोडून दिलेला नाही. पण ज्या बाईने आज गोळी घेतली आहे, तिला आधी तिची तारीख कळली पाहिजे.

तपासणी आता अवघड राहिलेली नाही. १९२७-२८च्या सुमारास बर्लिनमध्ये आशहाइम आणि झोंडेक या दोन डॉक्टरांनी बाईची लघवी उंदराच्या मादीला टोचून, काही दिवसांनी तिचे अंडाशय तपासून निदान करायची रीत काढली. आज तेच काम आशाताईच्या पिशवीतलं 'निश्चय' किट पाच मिनिटांत करतं. पाळी चुकल्यावर सकाळची पहिली लघवी घ्यावी, पाकिटावर लिहिलेले तेवढेच थेंब टाकावेत आणि सांगितलेल्या वेळेत पाहावं. दोन रेघा म्हणजे दिवस गेले. दुसरी रेघ फिकट असली तरी ती रेघच. एकच रेघ आली आणि पाळीही आली नाही, तर आठवड्याने पुन्हा तपासावं, कारण शरीरातलं ते संप्रेरक रेघ उमटण्याइतकं वाढायला काही दिवस लागतात.

इथून पुढचं माझं म्हणणं नीट वाचा, कारण ही पुस्तिका त्यासाठीच लिहिली आहे. दोन रेघा एका प्रश्नाचं उत्तर देतात, पण दोन प्रश्न तसेच उरतात. गर्भ कुठं राहिला आहे? आणि तो वाढतो आहे का? किटला हे कळत नाही. नऊ-दहा दिवस वर गेले, रेघा आल्या, पेढे वाटले, आणि सगळे निर्धास्त झाले, असं होऊ नये.

'कुठं' या प्रश्नाबद्दल एक घरातली गोष्ट सांगते. माझ्या धाकट्या आत्याचं दोन लेकरांनंतर ऑपरेशन झालं होतं. चार वर्षं निर्धोक गेली. मग एकदा महिना दहा दिवस वर गेला, थोडासा काळपट डाग लागला, आणि उजव्या बाजूला ओटीपोटात कळ येऊ लागली. जवळच्या दवाखान्यात पित्ताची गोळी मिळाली. रात्री तिचा खांदा दुखायला लागला, तो जात्यावर बसल्यामुळे असेल म्हणून घरच्यांनी तेल चोळलं. पहाटे ती न्हाणीत कोसळली. जीपमधून लातूरला नेईपर्यंत तिचे ओठ पांढरे पडले होते. नळीत राहिलेला गर्भ वाढून नळी फुटली होती आणि पोटात रक्त साठलं होतं. शस्त्रक्रिया झाली, चार नातेवाइकांनी रक्त दिलं, आत्या वाचली. बरी झाल्यावर ती एकच वाक्य म्हणाली, ते मी विसरले नाही: "तारीख मला ठाऊक होती माय, कुणी विचारलीच न्हाई."

स्त्रीबीज आणि पुरुषबीज नळीत भेटतात, आणि तयार झालेला गर्भ तीन-चार दिवसांत सरकत गर्भपिशवीत येतो. जुना जंतुसंसर्ग, क्षयरोग किंवा शस्त्रक्रिया यांमुळे नळीला इजा असेल, तर तो वाटेतच अडकतो. शंभर गर्भधारणांमध्ये एक-दोन अशा असतात. तिथं बाळ वाढू शकत नाही आणि नळी ताणाने फुटू शकते, बहुधा सहाव्या ते आठव्या आठवड्याच्या आसपास. खांदा दुखतो तो पोटातलं रक्त श्वासपटलाला लागल्यामुळे. नसबंदीनंतर दिवस जाणं विरळा. पण गेलेच, तर ते नळीत असण्याची शक्यता बरीच वाढते. तांबी बसवलेली असताना, किंवा नळ्या पुन्हा जोडून घेतल्या असताना दिवस गेले, तर तीच काळजी घ्यावी लागते. मराठवाड्यात पंचविशीच्या आत दोन बाळंतपणं उरकून ऑपरेशन झालेल्या बाया घरोघर आहेत. "ऑपरेशन झालंय, मग दिवस कसे राहतील?" हे वाक्य आपण तोंडातून काढूनच टाकलं पाहिजे. पाळी चुकली, पोट दुखतंय, डाग लागतोय, तर ऑपरेशन झालं असलं तरी किट लावायचं. वेळेत कळलं तर सोनोग्राफी आणि अठ्ठेचाळीस तासांच्या अंतराने केलेल्या रक्ताच्या बीटा एचसीजी तपासण्या यांवरून डॉक्टरांना अंदाज येतो. काही वेळा इंजेक्शनवर भागतं, काही वेळा दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेवर.

दुसरा प्रश्न वाढीचा. कळून आलेल्या शंभर गर्भधारणांपैकी दहा ते पंधरा आपोआप पडतात, आणि त्यातल्या बहुतेक पहिल्या बारा आठवड्यांत. त्यातल्या निम्म्यांच्या आसपास गर्भांची गुणसूत्रं सुरुवातीलाच चुकीची जुळलेली असतात. भरला हंडा उचलला, पपई खाल्ली, किल्लारीहून एसटीने आली, ग्रहणात भाजी चिरली, कुणाची नजर लागली, ही कारणं नव्हेत. तरी दर वेळी याच यादीतलं एखादं कारण शोधून ते बाईच्या पदरात टाकलं जातं, आणि ती ते गुपचूप घेते. वारंवार असं होत असेल तर शोध घ्यावा, उपायही असतात. गर्भपिशवीचं तोंड सैल असल्यामुळे चौथ्या-पाचव्या महिन्यात मूल पडत असेल, तर घालायचा टाका आज जगभर ज्यांच्या नावाने ओळखला जातो, ते डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर गोव्याचे. त्यांनी मुंबईत काम करून १९५५मध्ये ही पद्धत जगापुढे मांडली. ज्या बाईला 'हिच्या पोटात मूल टिकत नाही' म्हणून हिणवलं जायचं, तिच्या बाजूने एका डॉक्टराने टाका घातला, असंच मला ते वाटतं.

अंगावरून थोडं जाणं म्हणजे मूल गेलंच असं नाही. कितीतरी बायांचं पुढं नीट बाळंतपण होतं. पण किती जातंय ते पाहावं लागतं. तासाला एक पॅड पूर्ण भिजत असेल आणि हे लागोपाठ दोन तास चाललं असेल, मोठ्या गाठी पडत असतील, ताप किंवा घाण वास असेल, तर थांबू नये. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, २०१९-२१च्या फेरीत, महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक बायांना रक्तक्षय आढळला होता. मुळात रक्त कमी, त्यातून इतकं गेलं तर शरीराला सोसत नाही. बाईचा रक्तगट निगेटिव्ह असेल तर तो डॉक्टरांना आठवणीने सांगावा. अँटी-डीचं इंजेक्शन लागणार असेल तर ते बहात्तर तासांच्या आत घ्यायचं असतं. एक आणखी प्रकार असतो, द्राक्षगर्भ. त्यात बाळाऐवजी द्राक्षांच्या घडासारखे फुगे वाढतात, उलट्या फार होतात, पोट महिन्यांच्या मानाने मोठं दिसतं. पिशवी साफ केल्यावरही काही महिने रक्त तपासत राहावं लागतं, ते अर्ध्यावर सोडू नये.

गर्भपात अटळ झाला असताना उशीर झाला तर काय होतं, हे साऱ्या जगाने एका बेळगावच्या लेकीमुळे पाहिलं. सविता हलप्पनवार व्यवसायाने दंतवैद्य होत्या, आयर्लंडमधल्या गॉलवे शहरात राहत होत्या. सतराव्या आठवड्यात त्यांचा गर्भपात अटळ असल्याचं डॉक्टरांना कळलं होतं. तरी गर्भाचे ठोके चालू आहेत म्हणून पिशवी रिकामी करायची त्यांची विनंती नाकारली गेली. जंतुसंसर्ग रक्तात भिनला आणि २८ ऑक्टोबर २०१२ रोजी त्या गेल्या. त्यांच्या मृत्यूने त्या देशात मोठं आंदोलन उभं राहिलं, आणि २०१८मध्ये तिथल्या जनतेने मतदान करून राज्यघटनेतली गर्भपातावरची बंदी काढून टाकली.

आपल्याकडे कायदा बाईच्या बाजूने आधीपासून आहे. गर्भपाताचा कायदा १९७१चा, आणि तो ज्या समितीच्या अहवालावर उभा राहिला, तिचे अध्यक्ष महाराष्ट्राचे त्या वेळचे आरोग्यमंत्री शांतिलाल शाह होते. २०२१च्या दुरुस्तीनंतर, गर्भनिरोधक साधन फसल्याचं कारण लग्न न झालेल्या बाईलाही सांगता येतं, वीस आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरचं मत पुरतं, आणि तिचं नाव गुप्त ठेवणं बंधनकारक आहे. असं असताना मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय 'खाली व्हायच्या' गोळ्या आणून घरात घेणं का चालू आहे? लाजेपायी, पैशापायी आणि कुणाला कळेल या भीतीपायी. या गोळ्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली सुरक्षित आहेत. पण नळीतल्या गर्भावर त्या चालत नाहीत. रक्त जातं, बाईला वाटतं मोकळी झाले, आणि नळीतलं संकट आत वाढत राहतं. म्हणून आधी गर्भ कुठं आहे ते पाहायचं, मग गोळीचं ठरवायचं.

मराठीत 'अंगावर काढणं' असा शब्द आहे. दुखणं सोसून, न सांगता दिवस काढणं. बायांच्या दुखण्यासाठीच तो जन्मला असावा असं मला वाटतं. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत ६५० बाया तपासल्या आणि १९८९मध्ये 'लॅन्सेट'मध्ये जे छापलं, त्याने जगाचे डोळे उघडले. शंभरातल्या ९२ बायांना स्त्रीरोग होता, आणि तपासणी याआधी कधी झाली होती ती फक्त आठ जणींची. दुसऱ्या टोकाचा अन्यायही आपल्याच शेजारी घडला. बीड जिल्ह्यात ऊसतोड करणाऱ्या ८२,३०९ बायांच्या पाहणीत १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली, असं २०१९मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीपुढे आलं. एका टोकाला कुणी पाहतच नाही, दुसऱ्या टोकाला पाळीची कटकट नको, खाडा नको म्हणून पिशवीच काढून टाकतात. दोन्हीकडे बाईला कुणी विचारलेलं नसतं: तुला काय होतंय, आणि कधीपासून?

आमच्या तालुक्याचा नकाशा डोळ्यांपुढे आणा. औशात ग्रामीण रुग्णालय आहे. मोठी शस्त्रक्रिया, रक्तपेढी, तज्ज्ञ यांसाठी लातूर गाठायचं. औशाहून ते वीसेक किलोमीटर, किल्लारीहून चाळीसच्या वर, आणि वाडी-तांड्यावरून आधी डांबरी सडकेपर्यंत यायचं. दिवसा हे अंतर काही वाटत नाही, रात्री फार वाटतं. म्हणून ठरवायचं ते दिवसा ठरवून ठेवावं. १०८ला फोन कोण लावणार, गाडी कुणाची, रक्तगट कुणाकुणाचा, आणि लहान लेकरांपाशी कोण थांबणार. २०११पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली सरकारी रुग्णालयात गरोदर बाईची तपासणी, औषधं, रक्त आणि वाहन मोफत आहे. हक्काचं आहे, ते मागून घ्यावं.

एका बाजूला वाढत जाणारी कळ, खांद्याचं दुखणं, घेरी, भरपूर रक्त, ताप. पाळी चुकलेल्या बाईला यांतलं एकही झालं, तर ना सासऱ्यांची वाट पाहायची, ना सकाळची. आणि दवाखान्यात पाय ठेवताच पहिलं वाक्य हे बोलायचं: "माझी शेवटची पाळी अमुक तारखेला आली होती." पोट दुखतंय हे त्यानंतर सांगायचं. या एका वाक्याने डॉक्टरांचा विचार पित्तावरून पिशवीवर येतो.

ही पुस्तिका सुनांनी वाचावी. पण त्याआधी ती सासवांनी आणि नवऱ्यांनी वाचावी, असं मला मनापासून वाटतं. गावात चुकलेल्या पाळीची पहिली खबर डॉक्टरला कधीच जात नाही. ती जावेला जाते, मग आशाताईला, कधी फोनवर पुण्याला. शहाणपण त्या पहिल्या कानाशी पोचलं पाहिजे.

आत्या आता सत्तरीला आली आहे. येळवसला कोपीपाशी पूजा झाली, आंबील पिऊन झाली, गडीमाणसं लिंबाखाली आडवी झाली, की ती सुना-नातसुनांना बांधावर घेऊन बसते आणि एकेकीला नाव घेऊन विचारते, "तुझी तारीख कधीची?" पहिल्या वर्षी पोरी लाजून पदरात हसल्या होत्या. आता त्या तारीख सांगतात. मागच्या खेपेला एकीने बोटं मोजली, थांबली, आणि म्हणाली, "आत्या, नऊ दिवस वर गेलेत." दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या तिला स्वतः घेऊन आशाताईच्या दारात उभी होती.

औसा, वेळ अमावस्या